कान वाजतात, पण सांगणार कोण?

ज्यांनी हिवतापावर कोयनेल घेतले, त्यांना दोन गोष्टी जन्मभर आठवत असत. एक त्याची कडू चव आणि दुसरी कानांत उठणारी घुंई. आपल्या बेटावर १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाची भयंकर साथ आली. ऊसमळ्यांवर राबणारी हिंदी माणसे तीत हजारोंनी दगावली आणि कोयनेल इतके महागले की गरिबाच्या हाती ते लागेना. पुढे १९०७ साली सर रोनाल्ड रॉस हे डासांचे संशोधक सरकारला सल्ला देण्यासाठी येथे आले. १९७३ मध्ये बेट हिवतापमुक्त ठरले, १९७५ च्या वादळानंतर ताप पुन्हा डोकावला आणि १९९८ मध्ये त्याचे उच्चाटन झाले. ताप गेला, पण कोयनेलाने वाजणाऱ्या कानांची ती आठवण मात्र एका मोठ्या प्रश्नाशी जोडलेली आहे. त्याविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

बाहेर कसलाही आवाज नसताना कानांत शिट्टी, कुंई किंवा भुणभुण ऐकू येणे याला कर्णनाद म्हणतात. म्हातारपणामुळे किंवा यंत्रांच्या गोंगाटामुळे तो होतो, तसाच औषधांमुळेही होतो. अशा औषधांचे ढोबळ दोन गट करता येतील. कोयनेल आणि ॲस्पिरिन यांनी मोठ्या मात्रेत कान वाजतात व ऐकू कमी येते, पण औषध थांबवले की बहुधा दोन-तीन दिवसांत कान पूर्ववत होतात. दुसरा गट स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन यांचा. हे कानाच्या आतील नाजूक पेशीच मारतात, आणि मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या पिलाच्या कानात ती उगवते, हे १९८८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. निसर्गाने पक्ष्यांना दिलेले हे वरदान आपल्याला का दिले नाही, कोण जाणे!

ॲस्पिरिनची गोष्ट थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. विलो नावाच्या झाडाच्या सालीने ताप उतरतो, असे पत्र एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला लिहिले. त्या सालीतील द्रव्यापासून सॅलिसिलेट औषधे निघाली आणि १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. संधिवाताच्या रोग्यांना ते फार मोठ्या मात्रेत देत. मात्रा किती वाढवावी? यावर जुन्या डॉक्टरांचा ठोकताळा असा होता की रोगी ‘कान वाजतात’ म्हणेपर्यंत वाढवावी आणि मग थोडी उतरवावी. मोठ्या माणसांत हा ठोकताळा बरा चाले. पण सांधेतापाने आजारी असलेल्या मुलांनाही हेच औषध दिले जाई, आणि तेथे तो फसे. लहान मूल कान वाजतात असे म्हणतच नाही. औषध रक्तात धोक्याच्या पातळीपर्यंत चढले तरी ते गप्पच असते. ज्यांचे कान आधीपासून कमजोर, अशा वृद्धांतही हा ठोकताळा दगा देतो, हे पुढे लक्षात आले.

मूल गप्प राहते याचे कारण उघड आहे. कर्णनाद दुसऱ्याला ऐकू येत नाही, दिसत नाही, मोजता येत नाही. तो ज्याला होतो त्याने सांगितले तरच कळतो. आणि सांगण्यासाठी आधी शांतता म्हणजे काय, हे ठाऊक असावे लागते. जो जन्मल्यापासून कुंई ऐकत आला, त्याला ती कुंई हीच शांतता! मग मुक्या प्राण्याचे काय? उंदराचे कान वाजतात की नाही, हे त्याला विचारावे तरी कसे?

हे कोडे अमेरिकेतील येल विद्यापीठात पावेल यास्त्रेबॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. युक्ती ऐकण्यासारखी आहे. तहानलेल्या उंदराला नळीतून पाणी चाटायला दिले. खोलीत सतत एक सूं-सूं आवाज चालू ठेवला. मधूनच तो आवाज बंद करीत आणि त्या शांततेच्या अखेरीस उंदराच्या पायांना विजेचा हलका झटका देत. थोड्याच वेळात उंदीर शिकला की आवाज थांबला म्हणजे संकट आले. शांतता होताच तो पाणी पिणे सोडून बसून राही. मग झटके बंद केले. साधा उंदीर काही दिवस शांततेला भीत राहिला आणि हळूहळू ती भीती विसरला. पण शिकवणी झाल्यावर ज्यांना सॅलिसिलेट टोचले, ते उंदीर आवाज थांबला तरी खुशाल पाणी पीत राहिले. त्यांच्या लेखी आवाज थांबलेलाच नव्हता.

येथे कोणी शंका घेईल की औषधाने उंदीर बेफिकीर झाले असतील किंवा त्यांची तहान वाढली असेल. यास्त्रेबॉफ यांनी ती शंका आधीच ओळखली होती. त्यांनी दुसऱ्या उंदरांना शिकवणीच्या आधीपासून औषध सुरू केले. आता सूं-सूं थांबल्यावर जी कुंई ऐकू येई, तीच संकटाची खूण होऊन बसली. हे उंदीर उलट अधिक काळ भीत राहिले. औषध तेच, मात्रा तीच, परंतु वागणे अगदी विरुद्ध. उंदराने जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून जबानी दिली की होय, मला काहीतरी ऐकू येते.

पुढे २००३ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे गितों, प्युएल व त्यांच्या साथीदारांनी दुसरी रीत वापरली. आवाज झाला की खांबावर उडी मारायची, असे त्यांनी उंदरांना शिकवले. सॅलिसिलेट दिल्यावर दोन गोष्टी झाल्या. खरा आवाज झाला असता उंदीर काही वेळा उडी मारायचे चुकले, कारण ऐकू कमी येत होते. आणि आवाज नसताना मात्र ते विनाकारण खांबावर चढू लागले. कानाच्या आत एक विशिष्ट रसायन अडवणारे औषध सोडल्यावर या खोट्या उड्या कमी झाल्या. म्हणजे निदान सॅलिसिलेटच्या बाबतीत या खेळाचा एक धागा कानातच आहे.

या प्रयोगांत उंदराला जी मात्रा देतात तीही वाचकांनी लक्षात ठेवावी. शरीराच्या दर किलोमागे ३०० मिलिग्रॅम ही तेथील नेहमीची मात्रा. आपण डोकेदुखीवर घेतो ती सबंध गोळी साधारण ३०० मिलिग्रॅमची असते. तेव्हा वर्तमानपत्रात ‘उंदरांचे कान वाजले’ असे वाचून घाबरून कोणी हृदयविकारावरची आपली रोजची लहान गोळी बंद करू नये. डॉक्टरला विचारल्यावाचून तर नाहीच नाही.

आम्हाला विचाराल तर झटक्यांचे हे प्रयोग वाचताना मन प्रसन्न होत नाही. आपल्या बेटावरून दरवर्षी हजारो माकडे परदेशी प्रयोगशाळांना विकली जातात आणि त्यावर येथे वाद होतात, हे सर्वांना माहीत आहे. कानाचे हे काम मुख्यतः उंदरांवर चालते, माकडांवर नव्हे. तरी ज्याचे दुःख आपण मोजतो आहोत, त्याला ते दुःख आपणच दिलेले असते, ही गोष्ट कोणत्याही आकडेवारीने पुसली जात नाही. म्हणून २००६ मध्ये टर्नर व सहकाऱ्यांनी काढलेली रीत आम्हाला अधिक माणुसकीची वाटते. तीत तहान नाही, झटका नाही आणि शिकवणीही नाही. अचानक मोठा आवाज झाला की उंदीर दचकतो. मागे चाललेल्या बारीक आवाजात क्षणभर खंड पाडला आणि मग मोठा आवाज केला, तर त्या खंडाने तो सावध होतो व कमी दचकतो. ज्याच्या कानांत कुंई आहे त्याला तो खंड नीट कळत नसावा, म्हणून तो पूर्वीइतकाच दचकतो, असा हा तर्क. परंतु २०१३ मध्ये कर्णनादाच्या माणसांवर हीच परीक्षा घेतली, तेव्हा कुंईच्या पट्टीपेक्षा अगदी निराळ्या पट्टीच्या आवाजातही फरक दिसला. कुंई खंड ‘भरून काढते’ हे स्पष्टीकरण म्हणून पुरेसे ठरत नाही. रीत सोपी, पण तिच्या उत्तराचा अर्थ सोपा नाही.

पिलांच्या बाबतीत तर अडचण दुप्पट आहे. उंदराचे पिलू जन्मतः बहिरे असते. त्याच्या कानाची वाट साधारण बाराव्या दिवशी उघडते. कान उघडल्यावर ते लवकरच दचकू लागते, पण खंड ओळखून कमी दचकण्याची समज यायला आणखी काही आठवडे जातात. तोवर परीक्षा घेणार कशाची?

आणि येथेच निसर्गाची एक नवलाची गोष्ट समोर येते. कान उघडण्याच्या आधी, जेव्हा बाहेरचा एकही आवाज आत पोहोचत नाही, तेव्हाही पिलाच्या श्रवणाच्या मज्जातंतूतून संदेशांच्या लाटा मेंदूकडे जात असतात. त्या कोठून येतात, हे बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्रिच, बर्गल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तीत आवाज टिपणाऱ्या केशपेशी असतात. माणसाच्या एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. पिलात या केशपेशींच्या शेजारच्या आधारपेशी मधूनमधून एक रसायन सोडतात. त्याने केशपेशी चेतते आणि आवाज आल्यासारखा संदेश पाठवते. ऐकू येऊ लागले की हा प्रकार थांबतो.

थोडक्यात, बाहेर आवाज नसताना कान स्वतःच आवाजाची बतावणी करतो. मोठ्या माणसात आपण याला रोग म्हणतो, आणि पिलात हेच आवश्यक काम आहे. त्या लाटांच्या आधाराने मेंदूतील तारा जागच्या जागी जोडल्या जातात. बाजारातून घरी आणलेला रेडिओ लावण्यापूर्वी कारागिराने कारखान्यात तो एकदा वाजवून पाहिलेला असतो, तसेच काहीसे. हीच जुनी यंत्रणा इजा झालेल्या मोठ्या कानात पुन्हा जागी होऊन कर्णनादाला हातभार लावत असेल, असा संशयही या शास्त्रज्ञांनी बोलून दाखवला आहे.

आता अशा बांधणी चाललेल्या कानावर औषध पडले तर काय होते? माँपेल्ये येथील रेमी प्यूजोल यांनी कार्लिये यांच्याबरोबर १९८० मध्ये उंदराच्या पिलांवर केलेले काम या विषयात मोलाचे मानतात. मोठ्या उंदराचे कान ज्या मात्रेने बिघडत नाहीत, त्या मात्रेच्या कॅनामायसिनने पिलांच्या केशपेशी मेल्या. सर्वांत नाजूक काळ म्हणजे जन्मानंतरचा दुसरा-तिसरा आठवडा, ज्या दिवसांत कान ऐकायला शिकतो नेमके तेच दिवस. याचे एक कारण पुढे २००५ मध्ये इंग्लंडमध्ये मार्कोत्ती, क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. केशपेशीच्या माथ्यावरील केसांत सूक्ष्म दारे असतात. आवाजाने केस हलले की दारे उघडतात आणि पेशी संदेश पाठवते. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातले औषध याच दारांतून आत शिरते. आत सहज जाते, बाहेर पडणे मात्र कठीण. म्हणजे ज्या वाटेने आवाज यायचा, त्याच वाटेने विष येते.

उंदराच्या पिलाचे हे दिवस माणसाच्या हिशेबात कोठे बसतात? आपले मूल कान उघडे घेऊनच जन्मते. त्याची कॉक्लिया गर्भाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास काम करू लागते. तेव्हा पिलाचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणजे आपल्या मुलाचे आईच्या पोटातील शेवटचे तीन-चार महिने. यावरून लक्षात येईल की हा प्रश्न उंदरांपुरता नाही. गर्भवती स्त्रीला स्ट्रेप्टोमायसिन दिल्यास बाळाच्या कानांना इजा होऊ शकते, हा इशारा डॉक्टरी पुस्तकांत छापलेलाच असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात जंतू शिरले तर त्याला जेंटामायसिन द्यावे लागते, आणि द्यावेच लागते, नाहीतर बाळ हातचे जाते. म्हणूनच तेथे मात्रा वजनावर मोजतात, थोडे दिवस देतात, आणि शक्य तेथे रक्तातील पातळी तपासतात.

काही घराण्यांत आणखी एक धोका असतो. आईकडून मुलांना मिळणाऱ्या पेशीद्रव्यात १५५५ या क्रमांकाच्या जागी एक लहानसा बदल असतो. हा बदल १९९३ मध्ये सापडला. तो असलेल्या माणसाचे कान या औषधांच्या साध्या मात्रेनेही जातात. म्हणून आईच्या माहेरी कोणी इंजेक्शनांनंतर बहिरे झाले आहे काय, हे डॉक्टरने न विचारले तरी आपण होऊन सांगावे.

स्ट्रेप्टोमायसिनला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे वाक्समन यांच्या हाताखाली आल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते शोधले. त्यापूर्वी क्षयाने मेंदूचे आवरण सुजलेले मूल वाचत नसे. या औषधाने अशी मुले वाचू लागली. त्यांतील काही बहिरी होऊन घरी परतली. ज्या आईने आशा सोडली होती तिने त्या दिवशी काय मागितले असते, हे वाचकांनी मनाशी ठरवावे.

सॅलिसिलेटकडे पुन्हा वळू, कारण तेथे पेशी मरत नाहीत आणि तरीही पिलाच्या बाबतीत काळजीला जागा आहे. सॅलिसिलेट बाहेरच्या रांगांतील केशपेशींचे आकुंचन-प्रसरण रोखते. हे आकुंचन-प्रसरण प्रेस्टिन नावाच्या प्रथिनामुळे होते, ते २००० साली सापडले. ते अडले की कानाकडून मेंदूला जाणारा संदेश क्षीण होतो. परंतु अमेरिकेतील बफेलो येथे सून, साल्वी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पाहिले की कानाचा संदेश क्षीण झाला असताना मेंदूच्या श्रवणकेंद्राचे उत्तर मात्र वाढते. मेंदू जणू रेडिओचे बटण पिळून आवाज चढवतो. रेडिओ असा चढवला की खरखरही चढते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

मोठ्या उंदरात हे दोन दिवसांत निवळते. पण पिलाचा मेंदू त्याच दिवसांत आवाजांचा नकाशा आखत असतो. चांग आणि मर्झेनिक यांनी २००३ मध्ये उंदराची पिले सतत चालणाऱ्या बेताच्या गोंगाटात वाढवली. कान शाबूत राहिले, पण मेंदूतील श्रवणकेंद्र कच्चेच राहिले. सतत सरसर असल्यामुळे वेगवेगळे आवाज उठून दिसेनात, आणि नकाशा काढायला काही खुणाच मिळेनात. पिले पुढे शांत जागी ठेवली तेव्हा तो नकाशा उशिराने तयार झाला. बाहेरच्या गोंगाटाने असे होते, तर औषधाने आतून उठलेली आणि दिवसेंदिवस टिकलेली कुंई त्या वयात निरुपद्रवी असेल, असे गृहीत धरायला आम्ही तयार नाही. शांत खोली देऊनही तिच्यापासून सुटका होत नाही.

मुलांना आता साध्या तापावर ॲस्पिरिन देत नाहीत. त्याचे कारण कान नव्हे. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर राय यांनी वर्णन केलेला यकृताचा व मेंदूचा एक घातक विकार त्या औषधाशी जोडला गेला, आणि १९८६ मध्ये ब्रिटनने बारा वर्षांखालील मुलांना ते देणे बंद केले. मुलांचे कान अशा रीतीने दुसऱ्याच कारणाने वाचले, असे म्हणावे लागेल. तरी काही थोड्या आजारांत डॉक्टरच्या देखरेखीखाली मुलांना ते आजही मिळते.

आम्हा शिक्षकांचा या सगळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. नवजात बाळाच्या कानाची जी तपासणी होते, ती कानातून येणाऱ्या सूक्ष्म प्रतिध्वनीवर चालते. हा प्रतिध्वनी लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये शोधला. या तपासणीने कान ऐकतो की नाही हे कळते, पण वाजतो की नाही हे कळत नाही. ते उत्तर मुलाकडेच असते. मुले ते आपण होऊन सांगत नाहीत, मात्र सरळ विचारले तर पुष्कळ मुले सांगतात, हा डॉक्टरांचा सर्वत्रचा अनुभव आहे. वर्गात एखादे मूल खिडकीशी बसते, सूचना दोनदा विचारते, गोंगाटात गोंधळते, शांत परीक्षेच्या तासाला उगाच अस्वस्थ होते. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ हे तीन शब्द लिहायला क्षणही लागत नाही. मोठ्या आजारातून, इंजेक्शनांच्या लांब उपचारातून किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्मातून आलेले मूल असेल, तर पेन उचलण्यापूर्वी चौकशी करावी.

प्रश्नही कसा विचारावा हे महत्त्वाचे. ‘तुझे कान वाजतात का?’ असे विचारले तर मूल बहुधा ‘नाही’ म्हणते, कारण वाजणे म्हणजे काय ते त्याला कळत नाही. रात्री दिवा मालवला, सगळे निजले, की तुला काय ऐकू येते, असे विचारावे आणि उत्तर त्याच्या तोंडात घालू नये. क्रेओलमध्ये सांगू दे, भोजपुरीत सांगू दे, मराठीत सांगू दे. त्याला तोंडाने आवाज काढून दाखवू द्यावा. किडा, पंखा, उकळती किटली, ते जे म्हणेल ते कागदावर लिहून आईवडिलांच्या हाती द्यावे, म्हणजे कानाच्या डॉक्टरला ते उपयोगी पडेल. आणि आजारपणात कोणते औषध, किती दिवस दिले, त्याचा कागद घरात जपून ठेवायला सांगावे.

क्षयाच्या हट्टी प्रकारावर कॅनामायसिनची इंजेक्शने कित्येक महिने देत असत, आणि ती घेणाऱ्या अनेकांचे कान गेले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन आता देऊ नये असे जाहीर केले आणि तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना अग्रस्थान दिले. आता इंजेक्शन लागलेच तर कानाची तपासणी चालू ठेवूनच द्यावे, असा दंडक आहे. ती तपासणी झाली काय, हे विचारण्याचा हक्क रोग्याच्या घरच्या माणसांनाही आहे.